रूपरावांचे पांढरे कपडे

रूपराव पांढरे कपडे घालून घराबाहेर पडले आणि सेलूतल्या निम्म्या चुलींवरचा चहा उतू गेला.

वर्धेकडे पांढऱ्या कपड्यांचं नवल नाही, खादीवाले पुष्कळ. पण रूपराव विमा एजंट, रोज चौकडीच्या बुशशर्टात हिंडणारा माणूस. पांढरा सदरा-पायजमा ट्रंकेतून निघायचा तो एकाच कामासाठी. विमा काढलेला माणूस गेला की रूपराव तो घालून त्याच्या दारी जात, तिरडी बांधू लागत, आणि क्लेमचा विषय तेरवी उरकल्यावरच काढत. वाटेत कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कोनी नाई, सहज चाललो." वाईट बातमी आधी घरच्यांना कळावी, रस्त्याला नाही, असा त्यांचा नेम. त्यामुळे रूपराव पांढऱ्यात निघून 'कोनी नाई' म्हणाले की कोणीतरी गेलंच, हे गाव धरून चाले. खुद्द यमालाही मग माघार घेता येत नसे म्हणतात.

ही गोष्ट दोन हजार चारच्या उन्हाळ्यातली. एजंटांना परवाना पुढे चालवायचा तर पंचवीस तास वर्गात बसून शिकणं सक्तीचं झालं होतं. रूपरावांची मुदत महिनाअखेर संपत होती आणि वर्ध्यातली ही शेवटची बॅच. ती चुकली की पोरासोरांत बसून पुन्हा कॉम्प्युटरवर परीक्षा. कमिशनचं त्यांना फार नव्हतं. पण बायको, देवकाबाई, गेल्यापासून स्वतःचं घर खायला उठे, लोकांची घरं तेवढी उरली होती. परवाना गेला तर कोणत्या नात्यानं त्यांच्या ओट्यावर टेकायचं? म्हणून निघाले. वर्गाला पांढरा शर्ट हवा होता, आणि त्यांच्याकडे पांढरं होतं ते एवढंच.

स्टँडजवळच्या पानटपरीवर चंद्रभान उभा होता. किराणावाल्या प्रभाकररावांचा धाकटा भाऊ.

"कोन गेलं, रूपरावभाऊ?"

"कोनी नाई. वर्ध्याले शिकाले चाललो."

चंद्रभानच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. साठी उलटलेला माणूस शिकायला चालला? बहाणा तरी बरा शोधावा. आणि वर्ध्याच्याच दवाखान्यात प्रभाकरराव हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती. त्यांचा विमाही रूपरावांकडचाच.

एसटी अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत मागे मेटॅडोर लागली होती. तीत प्रभाकररावांची बायको शकुंतलाबाई, चंद्रभान, सारी गल्ली आणि हार. दवाखान्यात फोन लावायचं कोणाला सुचलं नाही, कारण दवाखान्यापेक्षा भरवसा रूपरावांवर जास्त.

रूपराव वर्ध्याला उतरून वर्गाचा जिना चढले, तशी मंडळीही मागोमाग चढली.

"मढं माडीवर काऊन ठेवलं?" एकानं हळूच विचारलं.

"खासगी दवाखाना असन. चूप बस."

वर्ग घेणाऱ्या प्रेरणा मॅडम नागपूरच्या, वयानं लहान. एवढी हजेरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. सगळे खाली मान घालून बसलेले, काहींचे डोळे ओले. विषय भिडतोय असं वाटून त्यांना हुरूप आला.

"आपला माणूस कधीतरी जाणार आहे," त्या म्हणाल्या, "हे घरच्यांना हळुवार सांगावं लागतं."

शकुंतलाबाईंनी हंबरडा फोडला.

रूपरावांनी मागे वळून पाहिलं आणि क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "वयनी, प्रभाकरराव बरे हायेत. कालच भेटलो मी."

"तुमी सगळ्याइले असंच म्हणता, भाऊजी," म्हणत त्यांनी दोन्ही हात बाकाच्या कडेवर नेले. बांगड्या फोडायला.

रूपरावांनी झडप घालून मनगटं धरली. "चाला. दाखवतो तुमाले. चाला."

"काका, आता उठलात तर हजेरी जाईल," मॅडम म्हणाल्या. "मला काही करता येणार नाही."

नवरा जिवंत असताना बाईच्या बांगड्या फुटणार होत्या. रूपरावांनी मनगटं सोडली नाहीत. तसेच जिना उतरले.

दवाखान्यात प्रभाकरराव खिचडी खात होते. हार घेतलेली गर्दी पाहून त्यांनी घास खाली ठेवला. "रूपराव, हप्ते तं वेळेवर भरून राह्यलो ना मी? मंग एवढी घाई काऊन?"

गल्ली हसली, शकुंतलाबाई हसता हसता रडल्या. गाव पुढं सहा महिने त्या खिचडीवर हसलं. रूपरावांचा परवाना गेला. पांढरे कपडे घडी करून ट्रंकेत तळाशी गेले. नंतर गावात दोन-तीन माणसं गेली, पण रूपराव ओट्यावरच बसून राहिले. आता त्यांना कोणी बोलावत नव्हतं आणि जायला निमित्त नव्हतं.

पौषात एका सकाळी चंद्रभान त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा गेला, भाऊ. पहाटेच. झोपेतच."

रूपराव उठून दाराशी आले.

"कोनी येऊन नाई राह्यलं. सांगाले गेलो तं लोक हसतात. म्हणतात, खिचडी खात असन. म्हणतात, रूपराव कुठं निंगाले अजून?" त्यानं नाक पुसलं. "खांद्याले मानसं नाई, भाऊ."

"माह्याजवळ आता लायसन नाई, चंद्रभान."

"लायसन कोन मांगून राह्यलं? कपडे तेवढे घाला."

रूपरावांनी ट्रंक उघडली. सदऱ्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. रस्त्याला लागले तसा टपरीवरचा हसणारा घोळका गप्प झाला. एकानं भीत भीत विचारलं, "कोन गेलं, रूपरावभाऊ?"

"कोनी नाई," रूपराव म्हणाले. "सहज चाललो."

दुकानांची फळ्यांची दारं लागू लागली. लोक पायात चपला सरकवून एकेक करत मागे निघाले.

शकुंतलाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या. बांगड्याही हातात तशाच होत्या. त्यांनी मान वर करून तो पांढरा सदरा पाहिला, त्यामागचं सारं गाव पाहिलं, आणि हात उंबऱ्याकडे नेले.

रूपराव या वेळी पुढे झाले नाहीत.