बिरप्पाचा भरदार कोट

केराबाईने भाच्याला भिंतीशी उभं केलं, मागं सरकून त्याला नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

बिरप्पा उंच होता. नुसताच उंच. सोलापूरच्या गिरणीत तुटलेलं सूत जोडता जोडता तोही त्या सुतासारखाच झाला होता. आईबापाविनाचं हे पोर मांडीवर घेऊन केराबाई जात्यावर गायची,

भाचा गं माझा बाई, जुंधळ्याचं ताट
वाऱ्यानं लवतं, परी सोडीना वाट

पण मुलीवाल्यांना ताट नको होतं, भरलं कणीस हवं होतं. दोन ठिकाणी नकार आला, तेव्हापासून भावकीत कुजबुज होती, "पोराला आतनं कायतरी दुकतंय." आज होटगीच्या येडू आण्णाची मुलगी बनाबाई बघायची होती. तिथंही नाही म्हणाले असते, तर ती कुजबुज खरी ठरली असती आणि धनगराचं एकही दार त्याला उघडलं नसतं.

केराबाईने मोठा फेटा बांधून पाहिला. "खिळ्याला गाठोडं टांगल्यावानी दिसतंय!" घोळदार धोतर नेसवलं, तर आत पाय आहेत की नाहीत, हेच कळेना. शेवटी गिरणीतल्या कुंडलिक मुकादमाचा कोट मागून आणला. त्यात बिरप्पा शिरला आणि हरवला.

"आत्ती, ह्यात अजून एक बिरप्पा मावतोय."

"मग आणू की दुसरा!" म्हणत तिने कोपऱ्यातलं पोतं ओढलं. नुकतीच कातरलेली, न धुतलेली पांढरी लोकर होती.

"लोकर? या चैताच्या उनात? त्यापरीस कापूस भर की!"

"कापूस घिऊन फिरलास तर गिरणीचा चोरलास म्हनतील. लोकर आपली हाय."

दोन बंड्यांच्या मधे तिने लोकर ठासली आणि वरून कोट चढवला. बिरप्पाला छाती आली, खांदे आले. आजवर कधीच नव्हतं असं पोटही आलं. केराबाईने बोटं मोडून दृष्ट काढली. बिरप्पाचा जीव मात्र त्या सगळ्या लोकरीच्या आत कुठंतरी एकटाच थरथरत होता.

गाडीत तो हलक्या आवाजात म्हणाला, "आत्ती, पसंती झाली की उराभेट घेत्यात. आपल्यात बाप्या माणूस मीच. आण्णानं कवळा घातला आन् मी उशीवानी दबलो तर?"

"श्वास धरून ऱ्हा."

"कवापतोर?"

"लगीन हुईस्तोवर!"

येडू आण्णाला पाहताच बिरप्पाने कोट दोन्ही हातांनी आवळून धरला. हातपाय काटकुळे, पण कमरेच्या पटक्याआड असं दांडगं पोट की अंगणात आण्णाच्या आधी पोटच आलं. आतून मुलीचा आवाज येत होता, "आये, माजी काळी लोकर कुटं गेली? आज कातायची हुती की!"

"गप गं, पावणं आल्यात!" आण्णा एकदम घाबऱ्या आवाजात ओरडला.

सगळे घोंगड्यावर बसले. गूळपाणी झालं. बिरप्पाच्या कपाळावरून घामाची धार लागली. आतली लोकर भिजली आणि भिजल्या लोकरीचा वास दरवळू लागला. केराबाईने नाकाला पदर लावला.

"जावईबापू, कोट काडा की," आण्णा म्हणाला.

"न्हाय! मला थंडी वाजतीया!" बिरप्पा किंचाळलाच.

आण्णाने केराबाईकडे पाहिलं. "थंडी? चैतात? दुकनं हाय का काय?"

केराबाईचा चेहरा उतरला. जी गोष्ट झाकायला एवढं केलं, तीच आता कोटाबाहेर येत होती.

तेवढ्यात गोठ्यातून एक कोकरू धावत आलं. त्याची आई नुकतीच मेली होती. मेंढीचा वास आला, तसं ते थेट बिरप्पाच्या मांडीवर चढलं, कोटात तोंड खुपसलं आणि दुधासाठी ढुसण्या देऊ लागलं.

"हाड! अगं आत्ती, धर ह्येला!"

कोकराने बंडीचा काठ दातांत धरून ओढला. लोकरीचा पांढरा पुंजका बाहेर आला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. बिरप्पाची छाती अंगणात उतरली, पोट मांडीवर सांडलं. तो डोळे गच्च मिटून बसला. आता हसतील. मग उठा म्हणतील.

पण कुणी हसलं नाही. त्याने भीत भीत डोळा उघडला. आण्णा त्याच्याहून जास्त घाबरून, पोट दोन्ही हातांनी धरून मागं सरकत होता. दूध न मिळालेलं कोकरू आता त्याच्याकडे वळलं होतं.

"ए, सरक! बना, धर गं ह्येला!"

कोकराने एकच ढुसणी दिली. पटका सुटला आणि आण्णाचं दांडगं पोट काळ्या लोकरीचा ढीग होऊन पायाशी पडलं.

दारात बनाबाई उभी होती. "आबा! सकाळधरनं मी हीच लोकर हुडकाय लागलीया!"

आण्णाने मान खाली घातली. "शेहरातलं पावणं येनार. बाप वाळल्याला बघून म्हंतील, ह्या घरात खायाला न्हाय. पोर कशी द्यायची मग?"

"आन् तुमी वो?" बनाबाईने थेट बिरप्पाला विचारलं.

"म्या... मी असाच हाय. दुकनं काय न्हाय. नुसता लांब हाय."

ती खाली बसली आणि काळी लोकर पदरात गोळा करू लागली. बिरप्पाने आपले पुंजके उचलून पोत्यात भरायला घेतले, तशी ती खालमानेनेच म्हणाली, "पांढरी बी हितंच ठिवा. दोनी मिळून पट्ट्याचं घोंगडं हुईल. लांब मानसाच्या खांद्यावर लांब घोंगडं लई शोभतं. कोट नगा घालू. कोटात तुमी दिसतच न्हाय."

केराबाईने पदर डोळ्यांना लावला. ह्या वेळी वासामुळे नव्हे.

"मग उराभेट हू द्या की," ती म्हणाली.

बिरप्पाने सवयीने श्वास धरला. आण्णाने कवळा घातला. हाडावर हाड आपटलं आणि दोघंही एकदमच "आई गं!" म्हणून कळवळले. मधे सापडलेलं कोकरू मात्र अजून आशेने दोघांनाही ढुसण्या देत होतं.