तीन नंबरचा सद्वर्तनाचा दाखला

जवळा बाजारच्या पाणवठे तपासणी कचेरीची सरकारी मोटार निजामी फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या भादव्यात अडखळू लागली, ही गोष्ट रेकॉर्डवर आहे. रेकॉर्डवर ती मीच घेतली. मी म्हणजे माणिकराव, दुय्यम कारकून. त्या वर्षातलं माझं लिखाण तोवर तेवढंच. कचेरीचं काम म्हणाल तर आसपासच्या विहिरी, आड आणि डोहांत पाणी आहे की नाही ते बघून वर कळवायचं. पाणी नसलं तर पुन्हा बघायचं, अशी वरची ताकीद होती.

मोटार चालवायचा रतनसिंग. तांड्यावरचा. त्याचा बाप थावरा, आजा, पणजा, सगळे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूख हिंडले. मोटारीत बसलेला घरातला हा पहिलाच. त्याची बायको रुख्मिणीबाई बाजाराच्या दिवशी मुद्दाम कचेरीवरून जायची, नवरा गाडीत बसलेला दिसावा म्हणून. थावराला मात्र हे पसंत नव्हतं. "बैल अडला तर त्याचं शेपूट पिळता येतं," तो म्हणायचा, "ह्या डब्याचं काय पिळतूस?"

तर मोटार अडखळू लागली, आणि येत्या सोमवारी हैदराबादेहून बडे साहेब औंढ्याला तपासणीला येणार होते. आमच्या कचेरीचे मुख्य मोहतमीम हरिचंदराव यांनी हुकूम काढला : सोमवारी मोटार औंढ्याला न पोचल्यास ड्रायव्हर बरखास्त. हुकूम एका ओळीचा होता, त्यामुळे रतनसिंगला तो लगेच समजला.

त्यानं बॉनेट उघडलं. "चार नळकांडे हायेत, माणिकराव. चौघं भाऊ मिळून ओझं ओढून राहिले आसं समजा. त्यातला एक नुसता मागं मागं चालून राहिला. कोण त्यो बघू." इंजिन चालू ठेवून तो एकेका प्लगची तार काढी आणि पुन्हा लावी. एक नंबरची काढली, इंजिन धापा टाकू लागलं. दोनची काढली, तसंच. चारची, तसंच. तीनची काढली, तर आवाजात काडीचा फरक नाही.

"हा बघा बसलेला," रतनसिंग म्हणाला. "आसला काय, नसला काय, बराबरच. प्लगवर काजळी धरली आसंल. घासून देतो, घटकाभराचं काम."

मला का कोण जाणे, ते ऐकून बरं वाटलं नाही.

रतनसिंगची चूक एवढीच की त्यानं घासायची परवानगी मागितली. प्लग सरकारी, म्हणजे काजळीही सरकारी. हरिचंदराव साहेबांनी तहकिकात बसवली. पंच म्हणून हट्ट्याचे संतराम पाटील आणि मी. पाटील उत्साही माणूस. चालू इंजिनाची एक नंबरची तार त्यांनी स्वतःच धरली. पंचनाम्यात मी लिहिलं ते असं : सदर तारेने पंचांस झटका देऊन तीन हात मागे टाकले, सबब सरकारी कामात अडथळा. सगळ्या तारा मग रतनसिंगनं कोरड्या फडक्यानं काढून दाखवल्या. एक, दोन, चार काढल्या की इंजिन कळवळे. तीन काढली की गप्प.

साहेब पाटलांकडं वळले. मग म्हणाले, "पाटील, पोट दुखतं म्हणून तुम्ही वैद्याकडं गेलात. त्यानं इथं दाबलं, तुम्ही गप्प. तिथं दाबलं, तुम्ही ओरडलात. दुखणं कुठं?"

"वरडलो तिथं," पाटील दंड चोळत म्हणाले.

"आणि ही मोटार कुठं ओरडली?"

रतनसिंगनं हात जोडले. "साहेब, ती वरडली कारण एक नंबर काम करून राहिला व्हता. काम करणारा काढला की तकलीफ व्हणारच."

"काम करणाऱ्यानं गाजावाजा करायचं कारण काय?" साहेब म्हणाले. "तीन नंबर बघ. काढला तरी कुरकुर नाही, लावला तरी गर्व नाही. हे वळण असतं."

एक नंबर मुअत्तल, म्हणजे निलंबित, झाला. त्याची तार सोडवून, लाल फितीत बांधून मी कपाटात ठेवली. तीन नंबरला सद्वर्तनाचा दाखला मिळाला. तो मी सुवाच्य अक्षरात लिहून बॉनेटला आतून चिकटवला, आणि लिहिताना मला गहिवरून आलं.

आता दोघांवरच भार पडल्यामुळं मोटार जास्तच हिसके देऊ लागली. याचा अर्थ गुन्हेगार आणखीही होते. शुक्रवारी दोन नंबरवर हात टाकला, इंजिन कळवळलं, मुअत्तल. शनिवारी चार नंबर. उरला एकटा सज्जन. रतनसिंगनं हँडल मारमारून सदरा भिजवला, मोटार ढिम्म हलेना. मी अहवालात लिहिलं की अडखळण्याची तक्रार समूळ मिटली आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ह्या यशानं साहेबांना हुरूप आला. थोरले कारकून उत्तमराव त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणाला दोन दिवस गेले होते. त्या दोन दिवसांत टपाल तुंबलं, कपाटाची किल्ली सापडेना, आणि साहेबांना सही कागदाच्या वर करायची की खाली ते सांगायला कुणी उरलं नाही. एवढा गोंधळ ज्याच्यामुळं होतो त्याला ठेवायचं काहून? उत्तमराव मुअत्तल. मी अदबीनं नजरेस आणून दिलं की गेल्या उन्हाळ्यात मी एकवीस दिवस गावी होतो. साहेबांनी हजेरीबुक बघितलं, मला बघितलं. "खरंच होतात?" एवढंच म्हणाले, आणि उत्तमरावांच्या जागी मला पेशकार केलं. उत्तमरावांची खुर्ची चांगली होती, पाठीला गादी होती.

रविवारी रतनसिंग खाली मान घालून बापाकडं गेला. थावरा बैलजोडी घेऊन आला, दोर मोटारीला बांधला आणि म्हणाला, "घे. आता ह्याला शेपटं हायेत." रतनसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मोटार सोमवारी औंढ्याला पोचली पाहिजे, आणि ती पोचली. मागं साहेब आणि मी, पुढं रतनसिंग, बैलांजवळ थावरा. पहाटे निघालो ते दुपारच्या जेवणाला पोचलो.

बडे साहेब शामियान्यातून बाहेर आले आणि बघतच राहिले. "धूर नाही, आवाज नाही. निगा राखावी तर अशी." आमच्या साहेबांनी त्यांना बॉनेटमधला दाखला दाखवला. त्यांनी त्यावर शेरा मारला : इतर कचेऱ्यांनी अनुकरण करावे. मग दोघे शामियान्यात जेवायला गेले.

मुअत्तल तारा मुद्देमाल म्हणून मी बरोबर आणल्या होत्या. रतनसिंगनं ते गाठोडं माझ्या मांडीवरून उचललं. तीन नंबरचा प्लग काढला, धोतराच्या सोग्यानं आणि चिमूटभर वाळूनं घासला, चारी तारा लावल्या. मी बघत होतो. अडवलं नाही, कारण अडवणं हेही एक कामच झालं असतं. त्यानं हँडल मारलं आणि उडी मारून आत बसला.

खोटं कशाला सांगू, चौघं भाऊ एका दमात ओढू लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. आठ वर्षांत ह्या मोटारीचा असा आवाज मी ऐकला नव्हता. थावराच्या तोंडून निघालं, "चालतो की रं डबा." रतनसिंग बापाकडं बघून हसला. बैलांना मात्र मागून कुणी असं बोललेलं सवयीचं नव्हतं. दोर अजून सोडलेला नव्हता, ते मोटारीसकट उधळले. रतनसिंगनं ब्रेक दाबून मोटार थांबवली, पण तोवर दोरानं शामियान्याचे दोन खांब नेले होते, आणि कापड बड्या साहेबांच्या वरणभातावर बसलं होतं.

कापडाखालून विचारणा झाली, "आवाज कुणाचा?"

"चौघांचा, सरकार," रतनसिंग म्हणाला. "चारी चालू हायेत."

मोटार औंढ्याला पोचली होती, त्यामुळं पहिल्या हुकमानं त्याला काढता येईना. दुसरा काढावा लागला : सांगितले नसताना मोटार चालवली. पेशकार म्हणून मी लिहिलेला तो पहिला कागद. रतनसिंगनं तो घडी करून मुंडाशात खोवला आणि बापाबरोबर बैलांमागं चालत तांड्यावर गेला. रुख्मिणीबाई आता बाजाराला दुसऱ्या वाटेनं जाते. मोटार औंढ्याहून उसन्या बैलांनी ओढत आणली. तारा पुन्हा कपाटात आहेत, मोटार लिंबाखाली उभी आहे, आणि तिची एकही तक्रार नाही.

तुम्ही हसून राहिलात. हसा. पण एक करून बघा. चार दिवस कुणाला न सांगता घरातून आणि कामावरून नाहीसे व्हा, मग परत येऊन कान द्या. आरडाओरडा झालेला असला तर जपून राहा. लाल फीत माझ्याकडं भरपूर आहे. आणि कुठं होता असंही कुणी विचारलं नाही, तर सरळ जवळा बाजारला या. दुय्यम कारकुनाची जागा रिकामी आहे. तुमचा सद्वर्तनाचा दाखला मी लिहून ठेवलाय, नाव तेवढं घालायचं राहिलंय.