शंभर टक्के हजेरी

इंजिनिअरिंगची पोरं वर्गात येत नसतील, तर वर्गच त्यांच्या मोबाइलात न्यायचा! ही अफाट कल्पना मुलुंडच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांत आधी माझ्याच डोक्यात आली. मी वसुधा, मेकॅनिकलला शिकवते. अजून हंगामीच आहे. मी घेतलेला ऑनलाइन प्लॅटफॉर्म मात्र एकदम झकास! क्विझ काय, बक्षिसं काय! शिवाय तास ऐकून त्याचा इंग्रजी सारांश तो आपणहून पोरांना पाठवायचा. मी फक्त बोलायचं, आणि बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

"एका तासाला सगळी पोरं हजर दाखवा, कायम करतो," प्राचार्य परुळेकर सर म्हणाले. "शुक्रवारी मी स्वतः बघणार!"

गुरुवारी तास संपताना मी पोरांना ठणकावलं, "टुमारो इलेव्हन एएम, ऑल मस्ट कम! कळलं ना?"

शुक्रवारी अकराला सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवर एकटी मीच! पंधरा मिनिटं गेली, तरी मीच!

"नेटवर्क असेल, सर..." मी उगाच हसले.

सरांचा पारा चढला की ते मालवणीवर येतात. "काय गो, पोरां खंय गेली?"

मी घाबरून वर्गप्रतिनिधी प्रांजलला फोन लावला, स्पीकरवर.

"काय यार... सॉरी, मॅम! कुठे आहात? आम्ही सगळे गेटवर उभे आहोत!"

"कुठल्या गेटवर?"

"युनिव्हर्सिटीच्या. कलिनाला!"

"कलिनाला काय करताय रे?"

"तुम्हीच बोलावलंत ना! सारांशात आलंय, टुमारो इलेव्हन एएम, ऑल मस्ट कम, कलिना!"

मी घाईघाईने सारांश उघडला. त्या इंग्रजाळलेल्या मेल्या प्लॅटफॉर्मने माझं 'कळलं ना' ऐकून थेट 'कलिना' लिहिलं होतं!

"अरे, पण तासाला मी काय बोलले ते ऐकलंत ना?"

"तास कोण ऐकतं, मॅम? सारांश येतो ना!"

वाट लागली! गेली माझी नोकरी! तेवढ्यात सरांनी फोन ओढून घेतला. "किती जण आलात?"

"सगळे, सर! नाहूरचा नितेशसुद्धा आलाय!"

"हा नितेश कोण?"

"आपल्याच वर्गातला आहे म्हणतो, सर. आम्हीपण आजच बघितला!"

सरांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "शब्द तो शब्द. सगळे हजर आहेत. तुम्हाला कायम केलं! पोरांना घराबाहेर काढणारं दुसरं कुणी नाही इथे. सोमवारपासून सहली तुमच्याकडे."

मी आनंदाने उडालेच! "आणि माझे तास, सर?"

"त्याचं काय? सारांश येतो ना!"