काढून टाका, नवीन बसवू

चढावर मधोमध गाडीने पांढरा धूर सोडला, मग ती दोनदा खोकली आणि गप्प बसली. दवाखान्यात दाढ धरून बसलेला पेशंट वाट पाहत होता. डॉक्टरीणबाईंनी गाडी कडेला ढकलून घेतली आणि पदर खोचून तरातरा चालत दवाखाना गाठला.

संध्याकाळी मेकॅनिकने इंजिन खोलून पाहिलं. "मॅडम, दोन रस्ते आहेत. हेच दुरुस्त करू, नाहीतर दुसरं बसवू. अठरा वर्षांचं आहे, तुमचं तुम्ही ठरवा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? गाडी तुमची."

दात ठेवायचा की काढायचा हे बाई दोन मिनिटांत सांगत. पण इंजिनापुढे त्यांची मती गुंग झाली. घरी विचारलं तर सासरे उसळले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. "बदलायचं? सूनबाई, उद्या मलाही बदलाल! वस्तूला हात लावला की ती बरी होते."

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," नवरा म्हणाला. सासरे आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "दुसरंच बसवून टाक गं."

"अहो, मग त्यांच्यासमोर बोला की!"

"कशाला उगाच वाद?"

असे तीन आठवडे गेले. मेकॅनिक रोज फोन करी, बाई रोज पायी दवाखान्यात जात. पायाला फोड आले. एके दिवशी त्या एका काकांच्या तोंडात आरसा घालून उभ्या असताना फोन वाजला. दवाखान्यातल्या नर्सने तो स्पीकरवर लावला.

"मॅडम, आज तरी सांगा. काय करू?"

बाईंचं सगळं लक्ष काकांच्या जबड्यात. "ठेवण्यात काही अर्थ नाही," त्या काकांना म्हणाल्या. "काढून टाकू. नवीन बसवू."

"झालं मॅडम!" म्हणून मेकॅनिकने फोन ठेवला. काकांनी मात्र "दुखेल का?" असं विचारलं.

दोन दिवसांनी सासरे फिरत फिरत गॅरेजपाशी गेले. पाहतात तर इंजिन फरशीवर उघडंबोडकं पडलेलं! त्यांनी मुलाला फोन लावला. "दुरुस्त करायचं ठरलंय ना?"

"हो हो, ठरलंय," मुलगा म्हणाला. त्या क्षणी त्याच्या कानाशी बाबाच होते.

सासऱ्यांनी टेम्पो बोलावला, इंजिन त्यात घातलं आणि एका जुन्या ओळखीच्या कारागिराकडे नेऊन दिलं. मेकॅनिकला वाटलं, भंगारात चाललं, बरं झालं, जागा मोकळी झाली.

पुढच्या सोमवारी बाई, नवरा आणि सासरे तिघेही गॅरेजमध्ये एकत्र आले. एका बाजूला मेकॅनिकने मागवलेलं इंजिन होतं, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांनी टेम्पोतून आणलेलं, घासूनपुसून लख्ख केलेलं.

"हे कुणी मागवलं?" सासरे ओरडले.

"मॅडमनीच सांगितलं ना, काढून टाका म्हणून!"

"मी? अहो, मी दाढेचं सांगत होते!"

बाई सासऱ्यांकडे वळल्या. "आणि बाबा, तुम्हाला दुरुस्त करायला कुणी सांगितलं?"

सासऱ्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. नवरा टायरकडे बघू लागला.

"भांडू नका," मेकॅनिक कान खाजवत म्हणाला. "दोन्ही इंजिनं ठणठणीत आहेत. अडचण वेगळीच आहे. इंजिन काढल्यावर खालचा सांगाडा दिसला. गंजून पार चाळणी झालाय. त्यात इंजिन ठेवलं, तर ते रस्त्यावर राहील आणि गाडी पुढे जाईल."

"हे आधी का नाही बोललात?" बाई कडाडल्या.

"तुम्ही इंजिनाचं विचारत होतात."

मेकॅनिकने गॅरेजच्या अंगणाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे अगदी तश्शीच एक गाडी उभी होती. अंग धडधाकट, पुढचं झाकण उघडं, आत पोकळी. "मालक विकायला बसलाय. इंजिन ठेवा, गाडी बदला."

बाईंच्या जिवात जीव आला. "घेतली! लगेच बसवा."

"बसवतो की," मेकॅनिकने बाह्या सरसावल्या. "कोणतं बसवू?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. नवऱ्यानेही उघडलं.

जन्मभर लोकांना 'आ करा' सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई कंबरेवर हात ठेवून वळल्या. "तोंड मिटा! दोघांनीही!"

दोघांनी निमूटपणे मिटली. मेकॅनिकनेसुद्धा.