घासू नगा, टिपा

दोरीवरचा एखादा टॉवेल वाऱ्यानं मातीत पडला, की आमचे शेजारी आप्पा डोक्यावरची टोपी काढत. "गेला गड्या," म्हणत. "आता टायरपुरता."

आप्पांनी तासगावात राहून जन्मभर ट्रक चालवला आणि म्हातारपणी स्वतःची छोटी गाडी घेतली. तिच्या टॉवेलांना कुणी फडकं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मास्तर, मायक्रोफायबर म्हणा." काचेला निळा, बॉनेटला पिवळा, टायरला काळा. कोमट पाणी, चिमूटभर साबण, वाळवण सावलीत, आणि सुती कपड्यांची सावलीसुद्धा नको. "सुताची कुसं अडकत्यात, मग चरे उठत्यात." पांढरे चार होते, ते मात्र गाडीवर फिरताना मी क्वचितच पाहिले. मी मदतीला गेलो की हटकून ऐकायला मिळे, "घासू नगा, टिपा."

आणि ही गाडी दोन वर्षांत फाटकाबाहेर पडली नव्हती! आप्पांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून काकू खाटेला खिळलेल्या आणि गाडी दारात उभी. मला आप्पांचा खरंच राग यायचा. "गाडीला जपतात त्याच्या निम्मं काकूंना जपलं असतं तर," असं मी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकवायचो.

परवा आप्पा औषधं आणायला सांगलीला गेले आणि सुमन काकूंजवळ बसली. मोरीत चारही पांढरे टॉवेल भिजत पडलेले. म्हाताऱ्याला तेवढीच मदत, म्हणून तिनं ते आमच्या चादरींबरोबर मशीनला लावले. वर कपडे मऊ करायचं वासाचं औषध घातलं, गच्चीत कडक वाळवले आणि चांगली गरम इस्त्री मारली.

संध्याकाळी आप्पांनी घडीवरून बोट फिरवलं आणि ते खालीच बसले.

"सगळं कडक झालं की वं मास्तर. इस्त्रीनं वितळलं."

"आप्पा, गाडीचीच फडकी ना? दुसरी आणू," मी फटकन बोललो.

आप्पा भांडले नाहीत. मला हाताला धरून आत नेलं. काकू कुशीवर होत्या, आप्पांनी नुकतंच ओल्या हातानं अंग पुसल्यामुळं पाठ ओली होती. कमरेपाशी जखम, आणि भोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ.

"सुती लागलं की सोलतंय," आप्पा म्हणाले. "म्हणून नवा टॉवेल आदी बॉनेटवर फिरवून बघतो. तितं चरा उठला न्हाई, तरच धुऊन हिच्या पाठीला. नवं यायला चार दिस लागत्यात. आता कशानं टिपू?"

दारात सुमन तोंडाला पदर लावून उभी होती. मला माझीच लाज वाटली.

"आसू द्या," काकू भिंतीकडं तोंड करूनच बोलल्या. "पोरीनं मायेनं केलंय."

आप्पांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि हळूहळू वारा घालू लागले. मी दुसरं टोक धरलं. पाठ वाळेपर्यंत आम्ही दोघं वारा घालत राहिलो.