आडनामदेव

नामदेव वाकडेच्या घरी पाणी मागितलं की तांब्या लगेच भरतो, पण हातात पडत नाही. तो छातीशी धरून नामदेव विचारतो, "आडनाव?" आडनाव सांगितलं की तो त्याचं मूळ सांगतो, आणि मूळ सांगून झालं की तांब्या पुढं करतो. उन्हाळ्यात समोरच्याची जीभ टाळूला चिकटते, पण ह्याचं मूळ निघता निघत नाही. गावानं त्याला आडनामदेव म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही.

"नाव ठेवलेलं अस्ते," तो म्हणतो, "आडनाव झालेलं अस्ते. कोनं तरी काई तरी केलं, तवा झालं."

आता आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते लहान पोरालाही कळतं. शाळेवर नवीन आलेल्या एका मास्तरानं तोंडावरच म्हटलं, "सरळ जात विचारा ना."

"जात घाला चुलीत, सर. मले तुमच्या पणज्याचं काम सांगा."

"आमच्या पणज्याले कामच काम होतं," मास्तर म्हणाला. "नाव कोनं इचारलं नाई."

तेव्हा मात्र आडनामदेवानं मुकाट्यानं तांब्या दिला. आत जाऊन गुळाचा खडाही आणून दिला.

मी टोपले. त्याच्या हिशेबानं माझे वाडवडील टोपल्या विणायचे. मी म्हटलं, "एखादी उरली असती तं तुया डोक्यावर पालथी घातली असती." आम्ही दोघांनी शाळा एकदमच सोडली, म्हणून आमच्यात मानपान नाही.

स्वतःच्या आडनावापाशी मात्र त्याची गाडी अडायची. वाकडे. वाडवडिलांनी वाकडं काय केलं असेल? गावाला बरंच सुचायचं. त्याचं लग्न जमलं नाही, तेही लोक आडनावावरच ढकलायचे. बायको नाही, लेकरू नाही, भाऊ नाही. आमच्या गावातलं हे आडनाव त्याच्यासोबतच जाणार. त्याला ते माहीत आहे, बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात कारंज्याची जैन मंदिरं पाहून निघालेली एक गाडी आमच्या फाट्यावर पंक्चर झाली. आतून एक गोरा म्हातारा उतरला. आडनामदेवाचं घर फाट्यालाच लागून. गोऱ्यानं तिथंच पाणी मागितलं. झालं.

"आडनाव?"

ड्रायव्हर नागपूरचा होता. म्हणाला, "वॉकर. म्हंजे चालनारा."

ते इंग्रजीत कळल्यावर गोऱ्यानं जोरानं नकारार्थी मान हलवली. ड्रायव्हरच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, तांब्यातल्या पाण्यानं भिजवला, जमिनीवर टाकला, बूट काढले आणि त्यावर थयाथया नाचायला लागला. फाट्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ड्रायव्हरनं मग त्याचं बोलणं समजावून सांगितलं. जुन्या काळी विलायतेत लोकरीचं कापड विणलं की ते विरविरीत निघायचं. म्हणून ते टाक्यात भिजवायचे, माणसं त्यात उतरून पायानं तुडवायची, तेव्हा ते दाट व्हायचं. असा तुडवणारा तो वॉकर.

"नुसत्या पान्यात?" आडनामदेवानं विचारलं.

ड्रायव्हरनं गोऱ्याला विचारलं आणि स्वतःच लाजला. "नाई. मुतात. शिळ्या. घरोघरून गोळा करून आनत म्हन्ते."

फाटा कितीतरी दिवस हसत होता. आडनामदेव हसला नाही. तो तडक माझ्या ओसरीवर आला.

"सापडलं," म्हणाला. "वाकय."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. आमच्या तोंडात तिची वाकय होते. ती हातानं धुतली जात नाही, भिजवून पायानं तुडवावी लागते.

"थो कापड तुडवे, आपन वाकय तुडवतो. वॉकर, वाकय, वाकये, वाकडे. एकच शब्द होय बे. थो गोरा माया भाऊबंद निघला. आमी वाकडे नोतोच."

"तू वाकडाच हायेस," मी म्हटलं.

त्याला ते वॉकरला पटवायचं होतं. गोऱ्याचा नंबर त्यानं घेऊन ठेवला होता. वाकय तुडवतानाचा व्हिडिओ काढून धाडायचा बेत होता. पण वाकय आणणार कुठून? घरोघरी बाजारातली गुळगुळीत ब्लँकेटं आली. खरी वाकय उरली ती माझ्या घरी. गिरजानं शिवलेली.

गिरजा माझी बायको. गेली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून वाकयीला पाणी लागलेलं नाही. सून म्हणते, मशीनमध्ये टाकू. मी टाकू देत नाही. एका कोपऱ्याला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे. तो कोपरा तोंडाशी घेऊन मी झोपतो. मशीनला त्यातलं काय कळतं?

"दे ना बे," आडनामदेव रोज सकाळी येऊन म्हणायचा. "तुडवून वापस देतो."

"पाय तोडीन तुये."

मग मला ताप आला. चांगला मुक्काम करून गेला, आणि जाताना अंगातली ताकद घेऊन गेला. एका सकाळी जाग आली तर वाकय ओली. म्हातारपणात होतं असं, लपवून काय करायचं? सून दारात उभी होती.

"मामाजी, आता तरी द्या."

वाईट बाई नाही ती. पण मी वाकय तशीच ओली पोटाशी धरून बसलो.

तेवढ्यात आडनामदेव आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, वाकयीकडं पाहिलं. नाक मुरडलं नाही.

"सूनबाई, मशीन नोको," तो म्हणाला. "वॉकरसायबाले व्हिडिओ धाडाचा हाये. पानी गरम कर, रिठे टाक त्याच्यात." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्यायच्या खानदानात मुताबिगर कापड पक्कंच होत नसे. ऊठ."

अंगणातल्या टाक्यात त्यानं वाकय भिजवली. एक कोपरा तेवढा बाहेर काठावर कोरडा ठेवला आणि त्यावर विटेचा तुकडा ठेवला. कोपऱ्याचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी येऊन पाहत असेल.

"थेवढा सोडून तुडवू," म्हणाला.

माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्यानं मला आत उतरवलं. दोन म्हातारे गुडघ्यापर्यंत फेसात उभे राहून पाय आपटत होते. सून तोंडाला पदर लावून हसत होती.

"माय नदीवर नेये मले," तो म्हणाला. "तिच्या बोटाले धरून वाकयीवर नाचो मी. म्हने, तुडव नाम्या, तुडव." त्यानं आणखी दोनदा पाय आपटले. "आता नाम्या म्हननारं कोनी नाई राह्यलं."

मी इकडं तिकडं पाहिलं. "व्हिडिओ कोन काढून राह्यलं बे? मोबाइल कुठी हाये?"

"घरी. चार्जिंगले."

"मंग वॉकरले काय धाडशीन?"

"त्याले कायले धाडा लागते? त्याच्या आडनावातच हाये थे."

मी त्याच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला.

"तुडव मंग, नाम्या," मी म्हटलं.