टाळी उतरल्यावर

आमच्या बिल्डिंगमध्ये टाळ्या वाजवायला बंदी होती. म्हणजे सोसायटीच्या नियमांत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तळमजल्यावर अण्णा नागवेकर राहत होते आणि तेवढं पुरेसं होतं.

मला हे कळलं ते वाशीला राहायला आल्यावर पहिल्याच गणपतीत. मांडवात कुणाची तरी चिमुरडी नाचत होती. नाच छान झाला, मी टाळ्यांसाठी हात उचलले आणि शेजारून एका दणकट हाताने माझं मनगट पकडलं. दचकून बघितलं तर पांढऱ्या मिशा, बुशकोटाच्या खिशाला दोन पेनं आणि डोळ्यांत अशी काळजी, की जणू मी त्या पोरीला दगडच मारायला निघालो होतो.

"टाळी उतरल्यावर," ते म्हणाले.

"कशावरून उतरल्यावर?"

"स्टेजवरून हो! अजून वर आहे ती. पायऱ्या बाकी आहेत."

मुलगी पायऱ्या उतरून आईच्या कुशीत शिरली तेव्हा कुठे माझं मनगट सुटलं आणि सगळी बिल्डिंग एकदम टाळ्या वाजवायला लागली. मी हादरलोच. म्हणजे या लोकांना सवय झाली होती! त्याच गणपतीत दादरहून एक गायिका आणली होती. बाईंनी भैरवी संपवली आणि मांडव चिडीचूप. बाईंचा चेहरा उतरला. डोळे पुसत पुसत त्या खाली आल्या आणि शेवटची पायरी सोडताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बिचाऱ्या घाबरून पुन्हा स्टेजवर चढल्या. लगेच टाळ्या बंद.

अण्णा जवळच्या पावणे गावातल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. विमानांशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांना विमानांचं वेड होतं. तेव्हा वाशीत इमारती मोजक्या आणि आभाळ भरपूर. संध्याकाळी गच्चीवर आमचं मंडळ बसायचं. मंडळ म्हणजे अण्णा, मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे सोनवणे. सोनवणे मूळचे जालन्याकडचे, मंत्रालयात कारकून. फोर्टातल्या फुटपाथवरून विमानांची जुनी इंग्रजी मासिकं शोधून आणायचे. लढाऊ विमानांचा वेग, कोलांट्या, उलटं उडणं, सगळ्याचं त्यांना भारी कौतुक.

"अण्णा, हे बघा, सरळ वर! एकदम उभं!"

"वर जातंय ते दिसलं. खाली कसं आलं ते लिहिलंय का?"

"ते कशाला लिहितील?"

"मग अर्धीच बातमी छापलीय. रद्दीत घाला."

कुठे लढाऊ विमान कोसळल्याची बातमी आली की अण्णांचा दिवस तिथेच संपायचा. पेपर हातात घेऊन ते दारोदार हिंडायचे. लोक चहा पीत असायचे, आंघोळीला निघालेले असायचे, आणि दारात अण्णा: "सीट सुटली का, काही कळलं?" अशा विमानात बसायची सीटच वैमानिकाला घेऊन बाहेर उडते आणि मग छत्री उघडते, हे आमच्या बिल्डिंगमधल्या आजीबाईंनाही पाठ झालं होतं. करावे गावाहून मासे घेऊन येणारी जनाबाई टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "काका, आज कोनाचा इमान पडला नाय ना? मंग घे कोलबी, ताजी हाय." पडलं असेल तर अण्णांच्या घरी मासे शिजत नाहीत, हे तिला माहीत होतं.

एकदा मुंबईत समुद्रावर हवाई दलाच्या कसरती होत्या. मंडळ डबे घेऊन निघालं, बरोबर अण्णांची कॉलेजात जाणारी मुलगी शुभा. गर्दी मरणाची. विमानं डोक्यावरून अशी गेली, की छातीत धडकी भरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अण्णा उठले. "वाजवू नका! अजून वर आहेत!" असं ओरडत गर्दीत घुसून एकेकाचे हात धरत सुटले. एका बाईंना वाटलं बांगड्या चोरतोय. त्यांनी आरडाओरडा केला. मग हवालदार आला. तोही वर बघून टाळ्या वाजवत होता, म्हणून अण्णांनी त्याचेही हात धरले. उरलेल्या कसरती आम्ही पोलीस चौकीत बसून नुसत्या ऐकल्या.

परतीच्या बसमध्ये सोनवणे तापले होते. "अण्णा, तुमचं टेन्शन तरी काय आहे? वरच्या माणसाला टाळी ऐकू जाते का?"

बस खाडीच्या पुलावर आली होती. अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "तरुणपणी असाच एक शो बघितला होता, तिकडे देशावर. एक विमान खूप खाली आलं. आम्ही येड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. ते आणखी खाली आलं. आम्ही आणखी वाजवल्या. मग ते टेकडीमागे गेलं आणि काळा धूर आला. आम्हाला वाटलं, हाही कार्यक्रमच आहे. टाळ्या चालूच होत्या हो. माझ्यासुद्धा."

मला दुपारपासून त्यांच्यावर हसल्याची लाज वाटली. शुभाने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि वाशी येईपर्यंत सोडला नाही.

आणि याच शुभाने दोन-तीन वर्षांनी लग्न ठरवलं ते लढाऊ विमानाच्या वैमानिकाशी! विश्वास त्याचं नाव. पुण्याला मैत्रिणीच्या लग्नात भेटला होता. सगळी बिल्डिंग तोंडात बोट घालून बसली. अण्णा गच्चीवर आले, पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले.

"लहानपणापासून आभाळाकडे बघायला मीच शिकवलं तिला," ते म्हणाले. "बघ म्हटलं होतं. घरी आण म्हटलं नव्हतं."

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"सोन्यासारखा आहे हो. म्हणून तर झोप उडालीय."

लग्नात अक्षता पडल्या, बँड वाजला, वरपक्षाने दणकून टाळ्या वाजवल्या. अण्णा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे. विहीणबाईंनी ते हेरलं. "मुलीच्या वडिलांना लग्न पसंत नाही वाटतं," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. निघताना विश्वास पाया पडला, तेव्हा अण्णांनी त्याला उठवलं. "जावईबापू, तुमची एक टाळी माझ्याकडे शिल्लक आहे."

"कधी मिळेल, अण्णा?"

"उतरल्यावर."

विश्वास खळखळून हसला. आम्हीही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत.

मी टेलिफोन खात्यात, त्यामुळे बिल्डिंगमधला एकमेव फोन माझ्या घरी. ट्रंककॉलची घंटा लांबलचक वाजते. ती वाजली, की मी रिसीव्हर उचलायच्या आत अण्णा जिना चढून दारात उभे. बहुतेक वेळा फोन माझ्या मेव्हण्याचा निघायचा. अण्णा "असू दे, असू दे" म्हणत उतरायचे. पण कठडा धरलेला त्यांचा हात मला दिसायचा. पुढे पुढे मलाच त्या घंटेची धास्ती वाटायला लागली.

एका रविवारी दुपारी ती वाजली आणि पलीकडे शुभा होती. तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. मी रिसीव्हर अण्णांच्या हातात दिला. त्यांनी कशी आहेस, काय झालं, काहीही विचारलं नाही.

"सीट सुटली का?"

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवला आणि माझ्या घरातल्या फरशीवर मटकन खाली बसले. "सुटली," म्हणाले. "जिवंत आहे." माझ्या बायकोने पाणी दिलं. ते प्यायचं सोडून तांब्याच कवटाळून बसले.

विश्वास वाचला होता, पण सीट बाहेर उडताना बसलेल्या धक्क्याने पाठीचा मणका दुखावला होता. बरेच दिवस इस्पितळात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की चालता-फिरता येईल, पण लढाऊ विमान आता कायमचं बंद. पुढे ऑफिसातलं काम. बिल्डिंगला दुसरा धक्का बसला. सोनवण्यांना तर रडूच आवरेना. "असला वाघासारखा पोरगा, आणि आता फायली चाळणार!"

विश्रांतीसाठी शुभा त्याला घेऊन वाशीला आली. आम्ही सगळे गेटपाशी उभे होतो. टॅक्सी थांबली. शुभाने दार उघडलं. विश्वास आधी एक पाय, मग दुसरा, असा हळूहळू बाहेर आला. पाठीला आणि मानेला पट्टा, चेहरा ओढलेला. नेमकं तेव्हाच वरून एक विमान गेलं. आम्ही सवयीने माना वर केल्या. विश्वासनेही करायचा प्रयत्न केला, पण पट्ट्यामुळे त्याला जमेना. तो तसाच समोर बघत, नुसता आवाज ऐकत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. माझ्याच्याने ते बघवेना, म्हणून मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा वर बघत नव्हते. डोक्यावरून विमान जातंय आणि अण्णांची मान खाली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते विश्वासच्या पायांकडे बघत होते. चपला घातलेल्या, मातीत टेकलेल्या त्या दोन पायांकडे.

आणि त्यांनी टाळी वाजवली.

अण्णांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "अण्णा!" शुभा ओरडली. "अहो, त्यांचं सगळं गेलं, आणि तुम्ही..." पण अण्णा थांबेनात. एकटेच वाजवत होते, जोरजोरात, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

विश्वास त्यांच्याकडे बघत राहिला. मग पट्ट्यातल्या पट्ट्यात जमेल तेवढा ताठ झाला.

"उतरलो, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली आणि टाळ्या न थांबवता आमच्याकडे वळले.

"अहो, बघत काय उभे राहिलात सगळे? वाजवा की आता!"